गॅस गिझर पेटत नाही? आधी पाणी मोजा, मग पाना उचला

डिसेंबरात जळगाव-धुळ्याकडे पहाटेचा गारठा पडायला लागला की फोन सुरू होतात. "भाऊ, पानी ते येस, पन गिझर पेटत नही." तोवर घरच्यांनी सेल बदललेले असतात, सिलिंडर बदललेलं असतं, एखाद्याने तर नवं सर्किटही बसवून घेतलेलं असतं. बहुतेक वेळा सर्किट धडधाकट निघतं. गिझरला पाणी आल्याचं कळलेलंच नसतं, एवढाच बिघाड असतो. तो घरी शोधता येतो, पण क्रमाने शोधला तरच. लोक चुकतात ते क्रमात.

हा लेख सिलिंडरवर चालणाऱ्या, पाणी वाहताच पेटणाऱ्या गिझरबद्दल आहे. विजेच्या टाकीवाल्या गिझरला यातलं काही लागू नाही.

## गिझरला पाणी कळतं कसं

याचे दोन प्रकार आहेत. आपला कोणता, ते आधी ओळखा.

साध्या, दोन सेलवर चालणाऱ्या गिझरमध्ये पाण्याच्या वाटेवर पितळी किंवा प्लास्टिकचा गोल डबा असतो. त्याच्या आत रबराचा पडदा असतो, त्याला डायफ्रॅम म्हणतात. पाणी वाहू लागलं की पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो, पडदा फुगतो आणि एक बारीक दांडी पुढे ढकलतो. दांडी मायक्रोस्विच दाबते, ठिणगी सुरू होते, गॅसची वाट उघडते. यात महत्त्वाचं हे की पडद्याला वाहतं पाणी लागतं. पाईप नुसता भरलेला असून उपयोग नाही.

आकडे दाखवणाऱ्या डिजिटल गिझरमध्ये बहुधा पाण्याच्या वाटेत छोटी चक्री असते. चक्रीला चुंबक असतो, बाहेरून सेन्सर तिचे फेरे मोजतो. फेरे ठरावीक वेगाच्या खाली गेले की गिझर पेटायचं नाकारतो आणि आकडे दिसतात तिथे बिघाडाचा क्रमांक दाखवतो. एकाच क्रमांकाचा अर्थ दोन कंपन्यांत वेगळा असतो, म्हणून शेजाऱ्याच्या गिझरवरून अंदाज बांधू नका. आपल्या गिझरच्या पुस्तिकेतला तक्ता बघा. पुष्कळदा तो झाकणाच्या आतल्या बाजूलाही चिकटवलेला असतो.

## तयारी

जमवायच्या वस्तू घरातल्याच आहेत: एक लिटरची बाटली, मोबाईलचं घड्याळ, नवे सेल, जुना टूथब्रश, पाना, स्क्रू ड्रायव्हर, पाणी झेलायला घमेलं, साबणाचं पाणी. मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, असला तर उत्तम, नसला तरी निम्म्याहून जास्त तपास होतो. आणि मोबाईलचा कॅमेरा. काहीही सोडवण्याआधी फोटो काढा. "लक्षात राहील" म्हणणाऱ्याच्या हातात शेवटी एक स्क्रू उरतोच.

सावध: गॅसचा वास येत असेल तर तपास तिथेच थांबवा. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो फरशीलगत साचतो. वरची एक खिडकी उघडून भागत नाही, दार उघडावं लागतं. बाहेर येऊन १९०६ या मदत क्रमांकावर फोन करा.

सावध: गिझर न्हाणीघराच्या आत लावलेला असेल आणि थंडीमुळे खिडकी-झरोका बंद असेल, तर आधी ते उघडा. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या गॅसपासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. दुरुस्ती राहू द्या, अशा जागी गिझर वापरायचाच नाही. तो मोकळ्या हवेत, न्हाणीघराच्या बाहेरच हवा.

## टप्पा १ : गॅस बंद ठेवून कान द्या

रेग्युलेटर बंद करा. सेल जागेवर असू द्या. आता गरम पाण्याचा नळ पूर्ण उघडा आणि गिझरजवळ कान द्या.

टकटक असा ठिणगीचा आवाज काही सेकंद आला, तर गिझरला पाणी कळतंय. पाण्याच्या बाजूचा तपास इथेच संपला. मग सिलिंडर रिकामं आहे का, रेग्युलेटर नीट बसलाय का, नळी दुमडली आहे का, ते बघा. नवं सिलिंडर लावल्यावर नळीत हवा राहते, त्यामुळे पहिल्या दोन-तीन वेळा पेटत नाही. तो बिघाड नव्हे. नळीत उरलेला गॅस या चाचणीत क्षणभर भपकन पेटू शकतो, दचकू नका, पण तोंड गिझरच्या खिडकीपासून लांब ठेवा.

आवाज अजिबात आला नाही, तर आधी संशय दोघांवर: सेल किंवा पाण्याची बाजू. पुढे चला.

## टप्पा २ : सेल

इथे फार वेळ घालवायचा नाही. दोन्ही सेल एकदम बदला, एक जुना एक नवा चालत नाही. नवा सेल १.५ व्होल्ट दाखवतो, १.३ च्या खाली गेला की गिझरसाठी तो संपला, मग घड्याळात तो वर्षभर चालो. डब्यातल्या पत्र्यांवर हिरवट बुरशीसारखा थर असेल तर पॉलिश पेपरने घासा. अधिक-उणेच्या खुणा बघून घाला. हे सगळ्यांना येतं, तरीही दर हिवाळ्यात एखादा गिझर उलट्या सेलचाच निघतो.

नवे सेल घालूनही आवाज नाही? मग पाणी.

## टप्पा ३ : बाटली आणि घड्याळ

हा टप्पा लोक गाळतात, आणि मी इथेच सगळ्यात जास्त वेळ देतो.

गिझरच्या गरम नळाखाली लिटरची बाटली धरा, नळ पूर्ण उघडा, भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. तीनदा मोजा. १० सेकंद म्हणजे मिनिटाला ६ लिटर. २० सेकंद म्हणजे ३ लिटर. २४ सेकंद म्हणजे अडीच. घरगुती गिझरला पेटायला साधारण अडीच-तीन लिटर लागतात. नेमका आकडा आपल्या गिझरच्या बाजूच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत असतो, तोच खरा माना. बाटली भरायला ३० सेकंद लागत असतील तर गिझर पेटत नाही हे त्याचं बरोबरच आहे.

आता दुसरं माप. गिझरच्या आधीचा कॉक बंद करा, गिझरला येणारा पाईप सोडवा, त्याचं तोंड आधीच्या नळाएवढ्याच उंचीवर धरून कॉक उघडा आणि पुन्हा बाटली भरा. दोन मापं शेजारी मांडली की बिघाडाची जागा समजते.

दोन्ही मापं चांगली, म्हणजे पाणी पुरेसं आहे पण गिझर ते ओळखत नाही: टप्पा ६ वर जा. येणारं पाणी चांगलं पण गिझरमधून निघणारं कमी, म्हणजे आत किंवा पुढे तुंबलंय: टप्पा ४ आणि ५. दोन्ही कमी, म्हणजे गिझर निर्दोष आहे आणि घराची लाईन दोषी.

घराच्या लाईनबद्दल थोडं बोलायला हवं, कारण आपल्याकडे हेच जास्त सापडतं. धाब्याच्या घरावर किंवा एकमजली स्लॅबवर टाकी सरळ खाली टेकवलेली असते. टाकी हजार लिटरची आहे म्हणून दाब येत नाही. टाकीतल्या पाण्याची पातळी नळाच्या तोंडापेक्षा किती वर आहे, त्यावर दाब ठरतो. गिझरच्या पट्टीवर किमान दाब लिहिलेला असतो, समजा ०.०२५ मेगापास्कल. दर ०.०१ मेगापास्कलला साधारण एक मीटर उंची धरा, म्हणजे अडीच मीटर, आठ फुटांच्या आसपास. शॉवर छताजवळ आणि टाकी त्याच छतावर, तर ही उंची भरत नाही. त्यातून टाकी अर्धी झाली की उरलेला दाबही जातो. सकाळी पहिल्याची अंघोळ गरम पाण्याने आणि चौथ्याची गारठ्यात होत असेल, तर गिझर सोडून आधी टाकीची पातळी बघा.

उपाय: टाकीखाली लोखंडी स्टँड, टाकीपासून न्हाणीपर्यंत अर्धा इंचीऐवजी पाऊण इंची पाईप, एल्बो म्हणजे वळणाचे जोड कमी. छोटा प्रेशर पंपही चालतो, पण पट्टीवरचा कमाल दाब वाचूनच. पंप अंदाजाने लावला की डायफ्रॅम फाटतो.

पालिकेचं पाणी रोज येत नाही अशी गावं आपल्याकडे कमी नाहीत. टाकी रिकामी होते, पाईपमध्ये हवा शिरते, आणि पाणी आल्यावर नळ फुसफुसत, थांबत थांबत वाहतो. अशा वेळी घरातला सगळ्यात खालचा नळ पूर्ण सोडून हवा जाऊ द्या, मगच मोजमाप करा.

तपासणी: मोजताना स्वयंपाकघरातला नळ, वॉशिंग मशीन, अंगणातला नळ बंद होते का? नसतील तर पुन्हा मोजा. उलट तक्रार अशी असेल की अंघोळ करताना गिझर मध्येच विझतो, तर मुद्दाम स्वयंपाकघरातला नळ उघडून पुन्हा मोजा, चोर तिथेच सापडेल. मात्र बरेच गिझर सलग २० मिनिटं चालल्यावर सुरक्षेसाठी आपोआप बंद होतात, तो बिघाड समजू नका.

## टप्पा ४ : येणाऱ्या तोंडाची जाळी

कॉक बंद, गरम नळ उघडून पाणी काढून टाका, खाली घमेलं. गिझरच्या पाणी येणाऱ्या तोंडात बारीक जाळी असते. ती चिमट्याने बाहेर काढा. पांढरा थर असेल तर तो पाण्यातल्या क्षारांचा. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात तो दर हिवाळ्यात साचतो. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याचा गाळ तांबूस-मातकट दिसतो.

अमळनेरला एका घरी मिस्तरींनी सर्किट बदलायचं सांगितलं होतं. मी जाळी काढली तर तिच्या मधोमध टेफ्लॉन टेपची केसासारखी पट्टी अडकलेली, आणि तिच्याभोवती गाळ बसून साबुदाण्याएवढा गोळा झालेला. दोन महिन्यांपूर्वी कॉक बदलताना टेप आट्यांच्या टोकापलीकडे गुंडाळली गेली होती, तिचाच तुकडा. टेप गुंडाळताना पहिली एक आटी मोकळी सोडायची असते, ती याचसाठी.

गाळ टूथब्रशने निघतो. क्षाराचा थर घासून निघत नाही आणि घासलं तर जाळी फाटते. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम विरघळवा, जाळी त्यात टाका. बुडबुडे येतात, ते थांबले की धुवा.

सावध: संडास धुवायचं ॲसिड वापरू नका. क्षारासोबत ते धातूही खातं. जाळी काढून ठेवून "आता कसं भरपूर पाणी येतं" म्हणत गिझर वापरू नका. तो गाळ मग डायफ्रॅमपर्यंत जातो आणि पन्नास रुपयांचं काम हजारात जातं.

## टप्पा ५ : जाणारी वाट

शॉवरचं तोंड काढून नुसत्या पाईपातून बाटली भरा. माप एकदम सुधारलं तर शॉवरची भोकं क्षाराने बुजलीत. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. मिक्सर नळ असेल तर थंडाची बाजू पूर्ण बंद करून मोजा. थंड पाणी जास्त सोडलं की गरम बाजूचा प्रवाह घटतो आणि गिझर विझतो. मग घरचे तापमान वाढवायला गिझरचा गॅस वाढवतात, पाणी अतिगरम होतं, पुन्हा थंड सोडतात. हे चक्र तोडायला गिझरवरचा गॅसचा खटका कमी करायचा, पाण्याचा नाही.

हेही मोकळं असेल आणि प्रवाह तरी कमी असेल, तर आतल्या तांब्याच्या कॉइलमध्ये, म्हणजे पाणी तापतं त्या नळीत, क्षार साचलेत. ते काम मिस्तरींचं. कॉइलमधून पंपाने सौम्य ॲसिड फिरवावं लागतं.

## टप्पा ६ : मायक्रोस्विच

आता पाणी पुरेसं आहे, हे मापाने सिद्ध झालंय. रेग्युलेटर बंदच. गिझरचं पुढचं झाकण काढा. विजेच्या प्लगवर चालणारा असेल तर प्लग आधी काढा आणि सरळ टप्पा ८ वाचा.

गोल डब्याच्या बाजूला काडेपेटीहून लहान काळा तुकडा दिसेल. त्याला पत्र्याची पट्टी आणि दोन वायरी. नळ बंद ठेवून पेनच्या टोकाने ती पट्टी अलगद दाबा.

ठिणगी सुरू झाली? मग स्विच, वायर, सर्किट सगळं ठीक आहे, दांडी पुरेशी पुढे येत नाही. टप्पा ७. काहीच झालं नाही? स्विचची वायर काढून मल्टीमीटरच्या बीप खुणेवर लावा. पट्टी सोडून आणि दाबून, दोन्ही वेळा बघा: एकदा बीप यायला हवी, एकदा नाही. दोन्ही वेळा एकच निकाल असेल तर स्विच मेला. नवा घेताना जुना सोबत न्या, पट्टीची लांबी आणि भोकांचं अंतर जुळायला हवं.

कधी स्विच जिवंत असतो पण पट्टी वाकलेली असते, दांडी तिच्यापर्यंत पोचत नाही. नळ उघड-बंद करून दांडी हलते का, आणि पट्टीपासून किती लांब थांबते, ते टॉर्च लावून बघा.

सावध: स्विचच्या दोन वायरी एकमेकींना पिळून "डायरेक्ट" करू नका, कोणी करून देत असेल तर करू देऊ नका. पाणी नसताना जाळ पेटू नये म्हणून जे कुलूप बसवलंय, तेच यात तोडलं जातं. कोरडी तापून छिद्र पडलेली कॉइल मी पाहिली आहे. शेजारची वायर वितळून पत्र्याला चिकटली होती.

## टप्पा ७ : डायफ्रॅम

इथे स्वतःला एक प्रश्न विचारा: पाण्याचा डबा उघडताना गॅसचा नट सोडवावा लागतोय का? लागत असेल तर थांबा, मिस्तरींना बोलवा. पाण्याचा भाग वेगळा निघत असेल तरच पुढे जा.

पाणी बंद करून काढून टाका. डब्याचे स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे ढिले करा. झाकण निघालं की डायफ्रॅम कुठल्या बाजूला तोंड करून होता, त्याचं छोटं भोक कुठे होतं, त्याचा फोटो काढा. उजेडासमोर धरून रबर ताणा: त्या मूळ भोकाशिवाय टाचणीएवढं छिद्रही त्याला निकामी करतं. रबर कडक झालं असेल तरी बदला. दांडी बोटाने आत-बाहेर सरकली पाहिजे आणि स्प्रिंगने परत आली पाहिजे. क्षाराने अडकली असेल तर लिंबूसत्त्वाच्या पाण्याने मोकळी करा, पक्कडीने ओढून नाही. डब्यातली बारीक वाट, जिच्यामुळे दाबाचा फरक पडतो, ती बुजलेली असेल तर नवा डायफ्रॅमही काम करणार नाही. तिच्यात तार खुपसून भोक मोठं करू नका, भिजवून साफ करा.

जोडताना स्क्रू पुन्हा समोरासमोर, एकसारखे. एका बाजूने आवळलं की रबर सरकतं आणि डबा गळतो.

तपासणी: दांडी जिथून बाहेर येते तिथे पाण्याचा थेंब दिसतोय? तिथली रबरी रिंग झिजली आहे. पाणी स्विचवर आणि गॅसच्या भागाकडे जातं. रिंग बदलल्याशिवाय गॅस सुरू करू नका.

## टप्पा ८ : चक्रीवाला सेन्सर

जुन्या लोखंडी पाईपांच्या घरात हा लवकर अडकतो, कारण चक्रीचा चुंबक पाण्यातले गंजाचे कण ओढून धरतो. प्लग काढून, पाणी बंद करून चक्री बाहेर घ्या, ब्रशने साफ करा, हलकी फुंकर मारा. ती सहज फिरली पाहिजे. बसवताना बाण पाण्याच्या दिशेने.

सेन्सरला बहुधा तीन वायरी असतात: एक वीज देणारी, एक परतीची, एक खुणेची. चक्री हळू फिरवल्यावर खुणेच्या वायरवरचा व्होल्ट वर-खाली व्हायला हवा. वीज येतेय, चक्री फिरतेय आणि खूण स्थिर आहे, तर सेन्सर गेला. वीजच येत नसेल तर सर्किट. पण हे माप गिझर चालू ठेवून घ्यावं लागतं आणि आत २३० व्होल्ट असतात. रोजचा हात नसेल तर चक्री साफ करण्यापुरतं आपलं काम, बाकी मिस्तरींवर सोडा.

## टप्पा ९ : परत सुरू करताना

क्रम असा: आधी पाणी, मग सेल, शेवटी गॅस. पाणी सोडून प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून बघा. मग गॅस बंद ठेवून टप्पा १ ची टकटक ऐका. ती आली की रेग्युलेटर उघडा, गॅसच्या जोडांना साबणाचं पाणी लावा, बुडबुडे नसतील तरच नळ उघडा. जाळ निळा हवा. पिवळा, काजळी धरणारा जाळ दिसला तर वापर बंद.

आणि शेवटची चाचणी, जी कोणीच करत नाही: नळ बंद करा आणि जाळ बघा. तो लगेच विझला पाहिजे. पाच वेळा उघड-बंद करा. एकदा जरी जाळ मागे रेंगाळला तर दांडी किंवा स्विच आत अडकतोय. न पेटणाऱ्या गिझरपेक्षा हा बिघाड कितीतरी घातक. रेग्युलेटर बंद करून तो दुरुस्त होईपर्यंत चुलीवर पाणी तापवा.

सगळं जमलं की बाटली भरायला लागलेले सेकंद आणि तारीख मार्करने गिझरच्या बाजूला लिहून ठेवा. भुसावळला एका वहिनींच्या गिझरवर असे चार हिवाळे लिहिलेले आहेत: ११, १२, १४, १९. यंदा जाळी धुवायला त्यांनी मला बोलावलंच नाही. १९ लिहिल्यावर स्वतःच काढून धुतली आणि खाली पुन्हा १२ लिहिलं.